जयसिंगरावांची हरकत

कानपूर रोडनं सरोजिनी नगरकडं निघालात की अलीकडंच डाव्या हाताला आमची गल्ली लागते. पाटीवर नाव वेगळंच आहे, पण ते सांगितलं तर टेम्पोवाला तोंडाकडं बघत बसायचा. 'मराठा गली' म्हणलं की बरोबर दारात आणून सोडायचा. फौजेतनं, एअरफोर्समधनं रिटायर झालेली आणि गावी परत जायला टाळाटाळ करणारी आम्ही माणसं. शेवटची पोस्टिंग लखनौला झाली, प्लॉट स्वस्त मिळाला, घेतला, बांधलं, राहिलो. त्यात दोन-तीन बँकवाले. मी स्वतः फौजेत अँब्युलन्स चालवली, बाहेर पडल्यावर एक जुनी मॅटाडोर घेतली. शाळा चौथीपर्यंत. तेव्हा ह्यात कायद्याचं काही इकडंतिकडं झालं तर मला धरू नका.

गल्लीचे पुढारी म्हणजे सुभेदार जयसिंगराव. कराडकडचे. माणूस सोन्यासारखा, म्हणजे खराच. माझ्या बायकोच्या ऑपरेशनला रक्त द्यायला हा गडी झोपेतनं उठून बनियनवर आला होता. फक्त आवाज असा, की कानात बोलला तरी परेड ग्राउंडच्या पलीकडच्या टोकाला 'विश्राम' व्हायचं.

त्यांच्या घरी रामरती कामाला होती. उन्नावकडची बाई, राहायची मवैयाला रेल्वेलाइनच्या कडेला, नाल्याच्या वर. नवरा छोटेलाल चारबाग स्टेशनवर हमाली करायचा. पावसाळ्यात नाला खोलीत शिरला की खाट विटांवर चढवायची आणि पोरं खाटेवर. ती पहिल्यांदा कामाला आली तेव्हा सुभेदारांच्या बायकोला, चंद्रप्रभावहिनींना, हिंदी म्हणजे 'इधर आव' आणि 'उधर जाव' एवढंच यायचं. मग वहिनी हिंदी शिकायच्या ऐवजी रामरतीच मराठी शिकली. वहिनींकडनं ऐकून शिकली, त्यामुळं वहिनींचीच शिकली. मला वहिनी भावजी म्हणतात, तर ही पण भावजी म्हणायची. पहिल्या महिन्यात तर तिनं भर अंगणात सुभेदारांना 'अहो, चहा झालाय' अशी हाक मारली होती. गल्ली आठ दिवस हसत होती. मग वहिनींनी तिला सांगितलं की बाई, अहो माझे आहेत, तू दादा म्हण.

सुभेदारांची पोरगी शिवांगी तिच्याच कडेवर वाढली. शिवांगीला मराठीत विचारलं तर ती हिंदीत उत्तर द्यायची, 'आती हूँ ना, यार.' आणि रामरती तिला मराठीत दटावायची. गावाकडनं पाहुणे आले की सुभेदार मोठ्या हौसेनं हाक मारायचे, रामरती, ये गं, बोलून दाखव. ती पदर सारखा करून यायची, पाहुण्यांना प्रवास कसा झाला विचारायची, पाहुणे खूश. एका संक्रांतीला हळदीकुंकवात बायकांनी तिला नाव घ्यायला लावलं. 'चारबागच्या गाडीला डबे सोळा, छोटेलालचं नाव घेते, तिळगूळ करा गोळा.' बायकांनी टाळ्या वाजवल्या. बसली होती मात्र दारापाशी, चपलांच्या अलीकडं. तिला कुणी तिथं बस म्हणलं नव्हतं आणि आत ये असंही कुणी म्हणलं नव्हतं.

तर गल्लीच्या मागं भिंत आणि भिंतीपलीकडं मोकळी जमीन. सरकारी नकाशात तिथं बाजार होणार असं धरलेलं होतं. त्या भरवशावर आम्ही मागच्या भिंतीत दारं पाडायची स्वप्नं बघत होतो. सुभेदारांचा पोरगा रणजित औषधांचं शिकला होता, त्याच्या मेडिकल स्टोअरची जागा सुभेदारांनी मनातल्या मनात पावलं टाकून मोजून ठेवली होती.

पंच्याण्णव साली पेपरात आलं, की त्या जमिनीचा वापर बदलणार. बाजार रद्द. तिथं कमी कमाईवाल्यांसाठी चार मजली इमारती, छोटे छोटे फ्लॅट, हप्त्यावर. कुणाची हरकत असेल तर लिहून द्या, बोलावून ऐकून घेऊ.

सुभेदारांच्या व्हरांड्यात मीटिंग झाली. बँकेतले श्रीपादराव हरकत लिहायला बसले, त्यांचं अक्षर चांगलं आणि हिंदीही ऑफिसातली. कागदावर त्यांनी गटाराचं घातलं, पाण्याच्या दाबाचं घातलं, रस्ता अरुंद आहे हे घातलं. तोंडानं मात्र जे चाललं होतं ते गटाराचं नव्हतं. कुणी म्हणलं, चौथ्या मजल्यावरनं आपल्या न्हाणीघरात बघतील. कुणी म्हणलं, लुंग्या वाळत घालतील आपल्या तोंडासमोर. एकजण म्हणला, रिक्षावाला शेजारी आला की प्लॉटची किंमत रिक्षाएवढी. सगळे हसले. मीही हसलो, आणि सही पण केली. रामरती मधनंच चहा घेऊन आली, कप वाटले, रिकामे गोळा केले. कुणी आवाज खाली केला नाही. पंखा फिरत असला की आपण आवाज खाली करतो का, तसंच.

त्या फ्लॅटसाठी रामरतीनंही अर्ज भरला होता. अर्ज शिवांगीनंच लिहून दिला होता. वहिनी सुभेदारांना म्हणाल्या, अहो, ही हरकत-बिरकत करताय, आपल्या रामरतीचा नंबर जायचा नाही ना. सुभेदार म्हणाले, हरकत गटाराची आहे, रामरतीची आहे का? ती आपली आहे. वहिनींचा नवऱ्यावर विश्वास. त्यांनी रामरतीला सांगून टाकलं, काळजी करू नको, दादा तिथं जाणारच आहेत, तुमच्यासाठी शब्द टाकतील. मी तिथंच बसलो होतो. रामरती 'बरं वहिनी' म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

सुनावणीच्या दिवशी मी मॅटाडोर काढली. सगळे इस्त्रीच्या कपड्यात, सुभेदारांच्या कोटावर मेडल. सुनावणी गोमती नगरात. तिथं तेव्हा निम्मे प्लॉट रिकामे होते, म्हशी चरायच्या, आणि मधेच एखादं मोठं ऑफिस उभं. त्या दिवशी रामरतीनं सुट्टी घेतली होती. सुभेदार गाडीत कुरकुरत होते, आजच बरी सुट्टी सुचली हिला, चहा तुमच्या वहिनींना करायला लागला.

हॉलमध्ये शिरलो तर ती पुढच्या बाकावर बसलेली. मवैयाच्या चार-पाच बाया बरोबर. ज्यांनी अर्ज भरले होते त्यांच्याकडचेही काही लोक ऐकायला बोलावले होते. आमची मंडळी बरोब्बर त्यांच्या मागच्या रांगेत बसली. तिनं वळून बघितलं, किंचित हसली. सुभेदारांनी पण मान हलवली. मी दाराशी उभा राहिलो, गाडी वाकडी लावली होती म्हणून.

सुनावणी घेणारे साहेब वयस्कर होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोलणं अगदी लखनवी, आप-आप करणारं. आमच्या गल्लीची एकच हरकत होती, सगळ्यांच्या सह्यांची, आणि बोलणार सुभेदार आणि श्रीपादराव. श्रीपादरावांनी सुरुवात चांगली केली. गटार. साहेबांनी नकाशा फिरवून दाखवला, नवीन गटारलाइन ह्या बाजूनं जाणार, तुमच्या गल्लीलाही जोडू. पाणी. टाकी वेगळी होणार. रस्ता. रुंद होणार. श्रीपादरावांचे मुद्दे असे एकेक करून विरघळले, बिस्किट चहात पडावं तसे. साहेब म्हणाले, और कुछ?

श्रीपादराव घुटमळले. तेव्हा सुभेदार त्यांच्या कानाशी वाकले. त्यांच्या हिशेबानं ते कुजबुजत होते.

"गटाराचं काय घेऊन बसलास? सरळ सांग त्याला, ही धुणीभांडीवाली जमात आमच्या भिंतीला नको. दिवसा आपल्या घरात कामाला येणार, सगळं बघून ठेवणार आणि रात्री भिंतीवरनं चोरीला येणार. आपल्या घरात पोरी आहेत म्हणावं."

हॉल मोठा, छत उंच. शेवटच्या खुर्चीवरच्या चपराशानं पण मान वर केली. समजलं कुणाला नाही, पण ऐकलं सगळ्यांनी. मी रामरतीच्या पाठीकडं बघत होतो. पाठ हलली नाही. नुसता पदर तिनं दोन्ही खांद्यांवरनं ओढून घेतला, गार वारा लागल्यासारखा.

आता बघा, ती मराठी बोलते हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना माहीत होतं. सुभेदार तर पाहुण्यांना दाखवायचे. आणि तरीही त्या घडीला त्या माणसाच्या डोक्यात ते आलं नाही. परक्या मुलखात राहून आपल्याला खोड लागते, भाजीवाल्यासमोर, दूधवाल्यासमोर आपल्या भाषेत काय वाट्टेल ते बोलायची. वाटतं आपण घरात दार लावून बोलतोय.

साहेब हसत म्हणाले, सूबेदार साहब, जे म्हणायचं ते मला सांगा, मला लिहून घ्यायचंय. श्रीपादराव हातातले कागद चाळायला लागले. साहेबांनी गमतीत हॉलकडं बघून विचारलं, कुणाला मराठी येते का हो? आता हे त्यांनी सहज विचारलं होतं. पण रामरतीच्या शेजारची जाडजूड बाई उठून उभीच राहिली. तिला केवढा अभिमान. म्हणाली, साहब, ह्या आमच्या रामरतीला येते, बारा वर्षं ह्यांच्याच घरात आहे, फर्राटे से बोलती है. आणि तिला कोपरानं ढोसायला लागली.

सुभेदारांचा चेहरा मी तेव्हा बघितला. फौजेत मी मेलेली माणसं वाहून नेली आहेत. त्यांच्या तोंडावर काही नसतं, त्यामुळं बघता येतं. ह्यांच्याकडं बघता येईना. मेडलवर हात गेला होता त्यांचा, आणि ते माझ्याकडं बघत होते, जणू मी गाडी सुरू करून त्यांना तिथनं काढणार होतो.

रामरती उठली. पाठीमागं वळली नाही. साहेबांकडं बघून म्हणाली,

"साहब, दादा कह रहे हैं कि नाली पहले बने, घर बाद में। नहीं तो बरसात में पानी नए घरवालों के यहाँ भरेगा। और कह रहे हैं, हमारे घर में भी बेटियाँ हैं, इनकी भी हैं। तो पीछे वाली गली में बत्ती लग जाए।"

आणि बसली.

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, इतकी वर्षं सुनावण्या घेतोय, पण येणाऱ्या शेजाऱ्याच्या घरात पाणी भरू नये अशी हरकत आज पहिल्यांदा ऐकली. मग त्यांनी लिहायला घेतलं आणि मान वर करून विचारलं,

"तो सूबेदार साहब, यही लिखूँ? ज़मीन पर आपको कोई ऐतराज़ नहीं?"

श्रीपादराव कोपरानं ढोसत होते, नाही म्हणा, नाही म्हणा. पण नाही म्हणायचं तर पुढं सांगायला लागणार होतं, की मग काय म्हणालो. तिच्यासमोर. त्या जाडजूड बाईसमोर, जी आमच्याकडं बघून तोंडभर हसत होती. सुभेदार उभे राहिले. पाय जुळवले, सवयीनं.

"जी," म्हणाले. "यही लिखिए।"

संपलं. चाळीस घरांची हरकत त्या एका 'जी'नं गेली.

बाहेर व्हरांड्यात श्रीपादराव पेटले. म्हणाले, ती खोटं बोलली, धडधडीत खोटं, तुम्ही तिथल्या तिथं सांगायचं होतं. सुभेदार म्हणाले, तिला खोटी पाडू? आणि मग खरं कोण सांगणार, तू? परत निघालो. ऑफिसच्या फाटकाबाहेर त्या बाया लिंबाखाली बसून चणे खात होत्या. मी विचारलं, घेऊ का त्यांना, गाडीत जागा आहे. सुभेदार दुसऱ्या बाजूच्या खिडकीतनं बाहेर बघत राहिले. मी गाडी थांबवली नाही.

दुसऱ्या दिवशी रामरती वेळेवर कामाला आली. झाडलं, पुसलं, वहिनींशी बोलली, शिवांगीच्या वेण्या घातल्या. सुभेदार मात्र ती यायच्या आत बाहेर पडायचे आणि जेवायलाच घरी यायचे. माझ्या ओट्यावर येऊन बसायचे. एकदा म्हणाले, चंद्रकांत, ती काही बोलतच नाही रे. मी म्हणलं, मग तुम्ही बोला. म्हणाले, काय बोलू? गल्लीतले निम्मे लोक त्यांच्याशी बोलणं सोडून होते, आणि रणजित तर घरातच तोंड फिरवून. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. त्यांना तिच्या न बोलण्याचं लागलं होतं.

वहिनींना ह्यातलं काही माहीत नव्हतं. उलट रामरतीनं त्यांना सांगितलं होतं, दादांनी आमच्यासाठी नालीचं आणि बत्तीचं बोलून ठेवलं. वहिनी ज्याला त्याला सांगत होत्या, आमचे हे वरून कडक आहेत, आतनं बघा कसे.

रविवारी सकाळी मी त्यांच्या अंगणात स्कूटरचा प्लग साफ करत होतो, तर फाटकाशी गलका. मवैयाची पंधरावीस माणसं. छोटेलाल हमालीचा लाल डगला घालूनच आला होता, त्याची ड्यूटी होती पुढं. एकाच्या हातात झेंडूचा हार, एकाच्या हातात चारबागवरनं आणलेली रेवडी. रामरती सगळ्यांच्या मागं. नंतर मला कळलं की तिनं त्यांना नको म्हणून सांगितलं होतं, पण ती जाडजूड बाई ऐकेना. म्हणे, जो माणूस आपल्यासाठी मोठ्या साहेबासमोर उभा राहिला त्याला हार घालायचा नाही?

सुभेदार लुंगीवर पेपर वाचत होते. त्यांना पळायला वाव नव्हता. छोटेलालनं हार घातला, वाकून पायाला हात लावला. मग बाकीचे रांगेनं वाकायला लागले. सुभेदार पाय मागं घेत होते, खुर्चीखाली जातील तितके. वहिनींच्या डोळ्यांत पाणी. त्या आत धावल्या चहा टाकायला, रामरती त्यांच्या मागं गेली. माणसं व्हरांड्याच्या पायऱ्यांवर, जमिनीवर बसली. खुर्च्या रिकाम्याच. छोटेलाल सांगत होता, हुजूर, आमच्या लाइनीत लोक म्हणत होते मोठे लोक आम्हाला शेजारी येऊ देणार नाहीत. मी म्हणलं, माझी बायको ज्यांच्या घरात आहे ते तसले नाहीत.

सुभेदार उभे राहिले. हार गळ्यात तसाच. हिंदीत म्हणाले, थांबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी मी तिथं जे बोललो...

रामरती चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती मराठीत बोलली, आवाज अगदी साधा, तोंडावर हसू, म्हणजे तिच्या माणसांना वाटावं की ती चहाचंच काहीतरी विचारतेय.

"दादा, सांगू नका. सांगून तुम्ही मोकळे व्हाल. मग ह्यांना इथं येऊन राहताना रोज ते आठवेल. भिंतीला राहायचं आम्हाला आहे."

सुभेदारांचं तोंड अर्धं उघडं होतं. छोटेलाल हात जोडून वाट बघत होता की हुजूर काय सांगतात. वहिनी तिच्या मागं किटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. किटली तशीच तिरकी राहिली आणि चहा जमिनीवर सांडत राहिला, मग रामरतीनंच मागं न बघता हात नेऊन ती सरळ केली.

सुभेदार म्हणाले, "बत्ती... बत्ती भी लगेगी. मैं देखूँगा." आणि खाली बसले.

माणसं खूश झाली. चहा प्याली, रेवडी वाटली, मुलांच्या शाळेचं विचारलं, इथनं जवळची कुठली. सुभेदारांनी सगळ्यांना उत्तरं दिली. हार काढायला त्यांचा हात एकदाही वर गेला नाही. घामानं झेंडूचा रंग बनियनला लागत होता. रामरतीनं त्यांच्यापुढं कप ठेवला तेव्हा त्यांनी तिच्याकडं बघितलं, ती दुसरा कप उचलत होती.

सगळे गेल्यावर वहिनी बाहेर अंगणात माझ्याकडं आल्या. पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, "भावजी, तिथं हे काय बोलले होते हो? तुम्ही होतात ना हॉलमध्ये?"

मी प्लग फडक्यानं पुसत होतो. पुसून झाला होता तरी पुसत होतो.

"नाही वहिनी," मी म्हणलं, "मी बाहेर होतो. गाडीपाशी."